उशीर नेमका कुठे होतो? घरून चालणाऱ्या एका अकाउंट्स टीमचं प्रकरण

मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका सीए बाईंचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे आता एकच खोली. २०२० च्या आधी त्याच मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि दहा-बारा माणसं रोज बसायची. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी गेले, काम घरूनही होतंय असं दिसलं, आणि फोर्टातलं भाडं वाचतंय म्हटल्यावर दोन खोल्या सोडून दिल्या. आता काम करणारी मंडळी बदलापूर, डोंबिवली, विरार, पनवेल अशी पांगली आहेत, आणि एक मुलगी चिपळूणला राहून काम करते. बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्या स्वतः दादरच्या घरून बघतात. कामाचा मोठा भाग म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स.

माणसांची नावं देत नाही. गावांवरूनच ओळखू. त्यांच्या ग्रुपवरही तसंच चालतं: 'हे बदलापूरला पाठव', 'ते चिपळूण बघेल'.

मी पूर्वी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. मॅडम माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. डिसेंबर २०२५ मध्ये तिचा फोन आला तेव्हा तिचं निदान तयारच होतं. "अगं, मुलं घरी बसून काय करतात देव जाणे. लक्षच नसतं कुणाचं. मी ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर घेतेय. त्याआधी तू एकदा बघ."

तक्रार अशी, की काही क्लायंटची रिटर्न्स मुदतीनंतर एक दिवस उशिरा जात होती. हे नीट सांगायला हवं, कारण जीएसटीशी रोजचा संबंध नसलेल्याला 'एक दिवस उशीर' ही किरकोळ गोष्ट वाटेल. दरमहा रिटर्न भरणाऱ्या धंद्याला आधीच्या महिन्याच्या विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. त्यावरून १४ तारखेला पोर्टलवर खरेदीदाराचं २बी, म्हणजे त्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटचं पत्रक, तयार होतं. क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट. जानेवारी २०२२ पासून २बीमध्ये दिसेल तेवढंच क्रेडिट खरेदीदाराला घेता येतं. आता विक्रेत्याने ११ च्या ऐवजी १२ तारखेला भरलं, तर त्याची बिलं या महिन्याच्या २बीमध्ये येतच नाहीत, पुढच्या महिन्यात जातात. दहा लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट एका दिवसासाठी महिनाभर लटकतं. मग खरेदीदाराचा अकाउंटंट फोन करतो, पेमेंटमधली जीएसटीची रक्कम रोखून धरतो, आणि क्लायंट मॅडमना विचारतो, "पैसे कशाचे घेता तुम्ही?" उशिराची लेट फी त्यामानाने काहीच नाही.

हे काही महिन्यांत व्हायचं, काही महिन्यांत नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुणावत होती. निष्काळजी माणूस दर महिन्याला निष्काळजी असतो.

मी येण्याआधी बरंच करून झालं होतं. मॅडमनी सगळ्यांची व्हिडिओ मीटिंग घेतली होती आणि एकेकाला 'का उशीर झाला' असं विचारलं होतं. सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि उत्तरं ठरलेली: नेट गेलं होतं, लाइट गेली होती, क्लायंटने डेटा उशिरा दिला. सगळ्यात जास्त उशिराची रिटर्न्स बदलापूरच्या मुलाची होती. त्याने लाइटचं नाव घेतलं म्हणून त्याला ऑफिसच्या खर्चाने इन्व्हर्टर आणि दुसरं नेट कनेक्शन घेऊन दिलं. फरक पडला नाही. तेव्हा मग 'हाच कामचुकार' यावर शिक्कामोर्तब झालं आणि दिवाळीत त्याचा बोनस इतरांपेक्षा कमी निघाला.

टोयोटाच्या तैइची ओनोंनी रुजवलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत आमच्या कारखान्यात भिंतीवर लिहिलेली होती. लोक ती फार भक्तिभावाने सांगतात, पण ती वापरण्याची जागा विसरतात. ओनो स्वतः माणसाला कारखान्याच्या जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून त्यात उभं करायचे आणि तासन् तास बघायला लावायचे, असं सांगतात. म्हणजे आधी बघणं, मग विचारणं. व्हिडिओ मीटिंगमध्ये चारचौघांसमोर विचारलेला 'का' हा थेट आरोप असतो, आणि आरोपाला माणूस बचाव देतो, कारण देत नाही. पहिल्याच 'का'ला 'लाइट' असं उत्तर आलं, त्यावर इन्व्हर्टर आला, विषय संपला.

कारखान्यात अडलेलं काम डोळ्यांना दिसतं. एखाद्या लेथपुढे क्रेट साचायला लागले की फोरमनला विचारावं लागत नाही, कुठे तुंबलंय ते चालता चालता कळतं. घरून चालणाऱ्या कामात क्रेट साचत नाहीत. कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये फाइल पडून असते आणि बाकीच्यांना ती 'गेली' असं वाटतं. म्हणून मी मॅडमना एक अट घातली: सध्या कुणालाही काही विचारायचं नाही. मला फक्त जीएसटी पोर्टलवरच्या एआरएनच्या तारखा, कामाच्या नोंदी ठेवता त्या ऑनलाइन शीटचा जुना इतिहास आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचा एक्स्पोर्ट दे. एआरएन म्हणजे रिटर्न भरलं की पोर्टल जो पावती क्रमांक देतं तो. त्यावरची तारीख कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसते.

आठवणीची गंमत लगेच दिसली. जुलै ते डिसेंबर २०२५ असे सहा महिने घेतले. ऑगस्टमध्ये बरीच रिटर्न्स उशिरा. सगळे म्हणाले, पाऊस. खरंच होतं, त्या ऑगस्टमध्ये मुंबईत हाहाकार झाला होता. सरकारने मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या जिल्ह्यांसाठी ३बीची, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या रिटर्नची, मुदत २० वरून २७ ऑगस्टवर नेली होती. पण तो पाऊस १८-१९ तारखेचा. आपला उशीर १२ तारखेचा! आठवडाभर आधीच्या चुकीचं खापर लोकांनी पूर्ण प्रामाणिकपणे नंतरच्या पावसावर फोडलं होतं. सप्टेंबरच्या उशिराला गणपती हे कारण होतं, पण अनंत चतुर्दशी ६ तारखेलाच होऊन गेली होती. डिसेंबरला लग्नसराई. मुंबईच्या वर्षात कुठल्याही महिन्याला एक तयार कारण मिळतं, त्यामुळे कुणी पुढे शोधत नाही.

आकडे मांडले तेव्हा चित्र असं आलं: जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये एकही उशीर नाही. ऑक्टोबरमध्ये अगदी एक-दोन. ऑगस्ट, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये भरपूर.

मग दुसरा छेद घेतला, माणसांप्रमाणे. केपनर आणि ट्रेगो या अमेरिकन जोडीची एक साधी शिकवण आहे, की अडचण कुठे आहे हे जेवढं बारकाईने लिहाल तेवढंच ती कुठे असू शकली असती पण नाही, तेही लिहा. बदलापूरकडे सर्वाधिक उशीर. विरारकडे थोडे. आणि चिपळूणकडे? एकही नाही. चिपळूणची मुलगी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करते, पावसाळ्यात तिच्याकडे दिवस-दिवस लाइट नसते. नेट आणि लाइट हे कारण असतं तर सगळ्यात वरचं नाव तिचं असायला हवं होतं.

दोघांच्या क्लायंटच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या. चिपळूणकडची सगळी मालकीची दुकानं आणि भागीदारीच्या पेढ्या. बदलापूरकडे बहुतेक सगळ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या, कारण तो टीममधला सगळ्यात हुशार मुलगा आणि किचकट कामं मॅडम त्यालाच देतात. हुशारीमुळे अवघड कामं वाट्याला आली आणि अवघड कामांमुळे बोनस कापला गेला, हा हिशेब मी त्यांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

पण कंपन्या म्हणजे अवघड, एवढ्यावर थांबता येत नव्हतं. अवघड काम जुलैतही अवघडच होतं, मग जुलैत उशीर का नाही?

इथे मी एकच रिटर्न घेतलं आणि त्याच्या मागे लागले. वसईच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकची झाकणं बनवणारी एक कंपनी. डिसेंबर महिना. मेल, शीट, ग्रुप आणि पोर्टल यांवरच्या वेळा एका कागदावर उतरवल्या.

मंगळवार, ९ डिसेंबर, दुपारी ३.४०: क्लायंटकडून विक्रीचं रजिस्टर मेलवर आलं. त्याच रात्री ९.१५: बदलापूरने टॅली सॉफ्टवेअरमधल्या हिशेबाशी ताळा करून फाइल पोर्टलवर चढवली. बुधवारी सकाळी ११.०५: डोंबिवलीच्या सीनियरने तपासून शीटमध्ये हिरवा रंग दिला. ११.२०: ग्रुपवर बदलापूरचा मेसेज, 'झाकणवाले रेडी'. एक वाजता त्यावर काकांचा, म्हणजे ऑफिसच्या जुन्या हेडक्लार्कचा, अंगठा. मग काही नाही. गुरुवार, ११ तारीख, अख्खा दिवस काही नाही. शुक्रवारी, १२ तारखेला दुपारी १२.१० ला एआरएन.

म्हणजे बदलापूरने काम रात्रीच संपवलं होतं, तपासणीही दुसऱ्या सकाळी झाली होती, आणि 'रेडी' म्हटल्यानंतर जवळजवळ एकोणपन्नास तास फाइल तशीच पडून होती. ते स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवलं असतं तर गुरुवारी बदलापूरच्या स्क्रीनवर या कंपनीचं काहीच काम दिसलं नसतं आणि मॅडमचा संशय पक्का झाला असता. चुकीच्या निदानाला पुरावा जमवून देण्यात ही सॉफ्टवेअरं फार वाकबगार असतात, हे माझं मत आहे आणि ते मी मॅडमनाही ऐकवलं.

त्या एकोणपन्नास तासांचा धनी कोण? शीटमध्ये दोनच रकाने होते, 'तयार' आणि 'भरले'. मधलं काही नव्हतंच.

आता फोन करायला हरकत नव्हती. एकेकाला वेगळा, संध्याकाळी, व्हिडिओशिवाय. 'का उशीर झाला' हे एकदाही विचारलं नाही. बदलापूरला विचारलं, "बुधवारी साडेअकरानंतर तू कशाची वाट बघत होतास?"

"डोंगलची, ताई."

हे उत्तर त्याने इतक्या सहज दिलं, की सगळ्यांना हे ठाऊकच आहे असं तो धरून चालला होता. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीवर भरता येत नाही. त्याला डायरेक्टरची डिजिटल सही लागते, आणि ती सही एका यूएसबी डोंगलमध्ये असते. मालकीच्या दुकानाला ओटीपी चालतो; चिपळूणची मुलगी दुकानदाराला फोन लावते, "काका, आलेला नंबर सांगा," आणि दोन मिनिटांत एआरएन. कंपन्यांचे डोंगल फोर्टच्या खोलीत, आणि ते लावून सही करायचं काम एका माणसाकडे: तेच हेडक्लार्क, ज्यांना सगळे काका म्हणतात. काका कल्याणहून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी.

आता ते कॅलेंडर पुन्हा बघा. जुलैत ११ तारीख शुक्रवारी होती, नोव्हेंबरमध्ये मंगळवारी. दोन्ही दिवशी काका ऑफिसात, सगळं वेळेत. ऑगस्टमध्ये ११ ला सोमवार, म्हणजे पुढची सही थेट मंगळवारी १२ ला. सप्टेंबर आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांत गुरुवार: मंगळवारी ९ ला फायली तयार नव्हत्या, शुक्रवार उजाडला तेव्हा १२ तारीख. ऑक्टोबरमध्ये ११ ला शनिवार होता. शुक्रवारी १० ला बहुतेक निघाली, रात्री तयार झालेली एक-दोन राहिली. ३बीला हा त्रास का होत नव्हता तेही सुटलं. २बी १४ ला येतं आणि ३बीची मुदत २० ला संपते. त्या सहा दिवसांत एक तरी मंगळवार किंवा शुक्रवार येतोच. जीएसटीआर-१ मध्ये क्लायंटचा डेटाच ८-९ तारखेला येतो, हातात दोन-तीन दिवस उरतात, आणि त्यात काकांचा वार पडेलच असं नाही.

पाऊस, गणपती, लग्नं, नेट, आळस. उशीर कधी होणार हे यातल्या कशावरच ठरत नव्हतं. अकरा तारखेला वार कोणता आला यावर ठरत होतं.

इथे थांबून 'काकांमुळे उशीर होतो' असं म्हणणं सोपं होतं, आणि मॅडम एका क्षणासाठी तिकडे वळल्याही. बदलापूरवरचा संशय उचलून कल्याणवर ठेवला की मूळ सापडलं असं वाटतं. म्हणून मी एका मंगळवारी फोर्टला गेले.

गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात, एका जुन्या मिठाईच्या प्लॅस्टिक डब्यात सगळे डोंगल. प्रत्येकाला रबरबँडने गुंडाळलेली एक चिठ्ठी, तिच्यावर निळ्या बॉलपेनने कंपनीचं नाव आणि मुदत संपायची तारीख. डबा उघडला की काका आधी मोजतात, काम झालं की परत मोजतात, आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात जाते. मी म्हटलं, हे घरी नेता आले असते तर?

"ताई, हा डोंगल म्हणजे त्या डायरेक्टरची सही आहे. सही मी लोकलच्या गर्दीत खिशात घालून नेऊ? आणि घरी कुठे ठेवू, नातवाच्या खेळण्यांत?"

काकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि कायद्यातही त्याला आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार ज्याची डिजिटल सही आहे त्याने तिच्या खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी घ्यायची असते. खरं तर डोंगल डायरेक्टरने दुसऱ्याच्या कपाटात ठेवणं हेच त्या कलमाच्या भावनेला धरून नाही, पण मुंबईतल्या किती ऑफिसांत असे डबे आहेत ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मग वार. मंगळवार आणि शुक्रवारच का? काका म्हणाले, "तसं ठरलंय." कुणी ठरवलं? काकांना आठवलं, की दोन खोल्या सोडल्यावर उरलेली खोली दुसऱ्या एका सीएंबरोबर वाटून घेतली होती. सोमवार, बुधवार, गुरुवार त्यांचे. मंगळवार, शुक्रवार आपले. ते सीए केव्हाच खोली सोडून अंधेरीला गेले. वार तसेच राहिले. गुडघे दुखतात म्हणून काकांना दोनच दिवस यायला जमतं, हे खरं. पण तेच दोन वार असायला हवेत, असा त्यांचा आग्रह नव्हता.

"तारखेप्रमाणे आलात तर चालेल?"

"चालेल की. मला कुणी विचारलंच नाही."

यापुढचा 'का' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सही एका कपाटात, माणूस दोन दिवस, अशी व्यवस्था करताना कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही की यात ११ तारीख चुकणार? मॅडम काही कच्च्या नाहीत. उत्तर जुन्या अधिसूचनांमध्ये होतं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये काही महिने, सरकारने कंपन्यांनाही ओटीपीवर रिटर्न भरायची मुभा दिली होती. घरून काम करायची या ऑफिसची घडी बसली ती याच काळात. खोल्या सोडल्या, वार वाटून घेतले, क्लायंट वाटले, शीट बनवली, त्या वेळी डोंगल लागतच नव्हता, म्हणून तो शीटमध्येही आला नाही. मुभा २०२१ मध्येच संपली. डोंगल परत आला, घडी मात्र तशीच राहिली.

दूरून चालणाऱ्या टीमच्या दुखण्यांत मला हे वारंवार दिसतं. २०२०-२१ मध्ये घाईत केलेल्या तात्पुरत्या सोयी आज नियम होऊन बसल्या आहेत, आणि त्या कशासाठी केल्या होत्या हे विसरल्यामुळे त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. सगळे एकाच खोलीत असते तर गुरुवारी बदलापूरच्या मुलाने काकांची रिकामी खुर्ची बघितली असती आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं असतं. घरून त्याला काकांना मेसेज टाकावा लागतो, आणि आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला एकच गोष्ट दोनदा कशी सांगायची, हा त्याचा प्रश्न. "एकदा टाकला ना मेसेज. काकांनी अंगठा दिला. परत काय म्हणणार?" बदलापूर आणि कल्याण ही एकाच लाइनवरची स्टेशनं. पण दोघांच्या मधलं कपाट फोर्टात.

जपानी क्वालिटी-तज्ज्ञ काओरू इशिकावांच्या, अनेक कारणं शेजारी-शेजारी मांडणाऱ्या माशाच्या काट्याच्या आकृतीचा उपयोग मला इथे पाच 'का'पेक्षा जास्त झाला. पाच 'का' एका रेषेत खाली जातात आणि एकच मूळ देतात. इथे निदान तीन काटे होते: सहीची जागा, शीटमधला नसलेला रकाना, आणि वडीलधाऱ्यांना टोकण्याचा संकोच. क्लायंटचा उशिरा येणारा डेटा हा चौथा, त्याच्याकडे येतेच.

उपाय ठरवायला सगळे फोर्टला जमले. चिपळूण तेवढी फोनवर होती. डबा काकांनी घरी न्यावा, हा पर्याय त्यांनी स्वतःच आधी फेटाळला होता. विरारच्या मुलाने सुचवलं, की डोंगल ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून ठेवायचे आणि एनीडेस्क या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरवरून कुणीही सही करायची. बऱ्याच ठिकाणी हे चालतं. मॅडम नको म्हणाल्या, आणि मला ते पटलं. बंद खोलीत, कुणी बघत नसताना, दुसऱ्याची सही रात्री अकरा वाजता कुणीही मारू शकतो, ही सोय नव्हे.

शेवटी ठरलं ते फारच बिनखर्चाचं होतं. काकांचे वार गेले, तारखा आल्या: १० आणि ११, १९ आणि २०, बाकी गरजेप्रमाणे. शीटमध्ये 'सही बाकी' हा रकाना आला आणि त्यात फाइल कधीपासून थांबली आहे ती वेळ आपोआप पडते, त्यामुळे काकांना टोकायचं काम आता शीटकडे. डोंबिवलीच्या सीनियरला किल्लीचा दुसरा जोड मिळाला, काकांनी मोजून दिला. ज्या डायरेक्टरांना जमेल त्यांचे डोंगल त्यांच्याकडे परत करायचे आणि सहीच्या वेळी सीनियरने फोनवर सोबत राहायचं, हेही ठरलं. झाकणवाले लगेच तयार झाले. बाकीच्यांपैकी बरेच म्हणाले, "आम्हाला त्यातलं कळत नाही, तुमच्याकडेच असू दे." त्यांच्यापुढे अजून हट्ट धरलेला नाही, धरायला हवा असं मला वाटतं.

स्क्रीनच्या फोटोंचं सॉफ्टवेअर घेतलं नाही. बदलापूरच्या मुलाने गमतीत विचारलं, "मग इन्व्हर्टर परत द्यायचा का?" त्याच्या बोनसमधला फरक मॅडमनी जानेवारीच्या पगारात टाकला, पण कशाचे पैसे ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तो पोरगा पगारपत्रक बघून गोंधळला असेल.

जानेवारी २०२६ ही खरी परीक्षा होती, कारण ११ तारीख रविवारी. जुन्या पद्धतीत ९ च्या शुक्रवारनंतर थेट १३ चा मंगळवार, म्हणजे उशीर ठरलेलाच. नव्या पद्धतीतही अडचण निघालीच: रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, काकांनी कल्याणहून यायचं कसं? म्हणून त्या महिन्यापुरते ९ आणि १० केले, आणि ११ रविवारी आली तर असंच करायचं हे शीटच्या वरच लिहून टाकलं. १० च्या संध्याकाळपर्यंत काकांच्या डब्यातल्या दोन सोडून सगळ्या कंपन्यांची रिटर्न्स भरली गेली. झाकणवाल्यांनी आपली सही रविवारी सकाळी घरून स्वतः केली, वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा कॉम्प्युटरला डोंगल ओळखायला.

राहिलेल्या दोन्ही कंपन्यांचा डेटाच ११ च्या रात्री आला. हा तो चौथा काटा. आतापर्यंत तो काकांच्या वारांमागे झाकला गेला होता. 'रेडी' झालेल्या फायलीही थांबत होत्या, त्यामुळे मुळातच उशिरा आलेल्या वेगळ्या दिसत नव्हत्या. त्यातल्या एका कंपनीत डीलरांच्या क्रेडिट नोटा, म्हणजे बिलातून कमी करायच्या रकमा, महिना उलटल्यावर फोनाफोनी करून ठरतात, हे मॅडमना या वेळी पहिल्यांदा समजलं. भिवंडीला त्यांच्या गोदामात जाऊन तिथल्या माणसाबरोबर एक दिवस बसायचं ठरलंय, सीनियर जाणार आहे. दुसऱ्या कंपनीचं काही करता येईल असं वाटत नाही. तिचे मालक दर महिन्याला 'उद्या नक्की' म्हणतात, आणि मॅडम त्यांना पुढच्या एप्रिलपासून दुसरा सीए बघायला सांगायच्या विचारात आहेत.